ओट्याच्या टोकाची चकचकीत बाजू

धाकट्या बहिणीचा हेवा करायची मला लहानपणापासून खोड आहे. तिचे केस लांब, तिला गणित येई, आणि आईच्या ताटात जेवायचा मानही तिचाच. आता माझी पन्नाशी उलटली. दुसऱ्याचं बघून जळू नये, असं वर्गात मुलांना सांगते आणि घरी येऊन स्वतः जळते.

आम्ही दोघीच बहिणी. वडील गेल्यावर ठरलं, आई चार महिने माझ्याकडे नौबादला राहील आणि चार महिने धाकटीकडे संतपूरला. पण माझ्याकडे आली की पंधराव्या दिवशी तिला संतपूरच्या तुरी आठवायच्या. तिकडे मात्र चाराचे सहा महिने कधी व्हायचे कळायचं नाही. त्या घरात असं काय पुरून ठेवलंय, या विचाराने माझ्या पोटात दुखायचं.

म्हणून स्वयंपाकघर नवं करायला काढलं तेव्हा मनात एकच होतं. आईने इथे राहावं, आणि ‘धाकटीपेक्षा चांगलं’ हे तिच्या तोंडून ऐकावं. कपाटांची दारं पटकन ठरली. अडलं ते ओट्याच्या टोकाच्या कपाटापाशी. त्याची उघडी बाजू दारातून येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसायची.

मिस्त्री म्हणाले, “अक्का, बाजूला साधा रंग मारतो. संतपूरला तुमच्या बहिणीकडं तसंच केलाव.”

झालं. तिच्यासारखं मला कसं चालेल?

“मला चकचकीत पाहिजे. तोंड दिसलं पाहिजे त्यात.”

“तोंड दिसतंय, पण बोटं बी दिसतेत. रोज पुसत बसावं लागतंय.”

“पुसते की मी.”

मोतिया रंगाचं चकचकीत लॅमिनेट लागलं. आई आली, सगळीकडून बघितलं आणि म्हणाली, “चांगलं केलीस माय.” पुढचे शब्द ऐकायला मी थांबले, ते आलेच नाहीत. तिने पाट ओढला, सुपात डाळ घेतली आणि त्या बाजूला पाठ टेकून निवडायला बसली. ती उठली तेव्हा लॅमिनेटवर तिच्या डोक्याच्या तेलाचा गोल उमटला होता. मी फडक्याने पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटला, पुन्हा पुसला. तिसऱ्या दिवशी मात्र बोलून गेले, “आई, तिथं टेकू नको. तेल लागायलंय.”

“व्हय का,” म्हणाली आणि पाट पुढे सरकवला. दहाव्या दिवशी तिची पाठ दुखायला लागली. बाराव्या दिवशी ती संतपूरला गेली.

सहा महिन्यांनी मी तिला आणायला गेले. धाकटी ओट्यावर भाकरी थापत होती. शेजारी ओट्याच्या टोकाला कपाटाची ती साधी, हिरव्या रंगाची बाजू होती आणि तिच्यावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, लहान भाकरीएवढा तेलकट काळपट डाग.

“हे पुसत न्हाईस का गं?”

“कामून पुसू? आईचा हाय त्यो. मी भाकऱ्या करते, ती हितं टेकून बसती. गावभरच्या गोष्टी सांगती.”

तिच्या केसांचा मी हेवा केला, गणिताचा केला, पण त्या डागाचा वाटला तसा हेवा मला कशाचाच वाटला नव्हता. बसमध्ये आई शेजारी डुलक्या घेत होती आणि मी माझ्या फडक्यावर चिडले होते.

घरी आल्या आल्या मिस्त्रींना बोलावलं. ते लॅमिनेट काढा, म्हटलं, आणि संतपूरला मारलाय तोच हिरवा मारा.

“अक्का, लोकं डाग पडू नये म्हणून माझ्या मागं लागतेत.”

“मला पडलेला पाहिजे.”

वरातीमागून घोडं, पण आणलं. रंग वाळल्यावर मी स्वतः पाट तिथे मांडला, सूप आणून दिलं आणि भाकरी थापायला उभी राहिले. आई येऊन बसली. पाठ ताठ, कपाटापासून वीतभर लांब.

“टेक की गं आई.”

“नको माय,” ती डाळीतला खडा वेचत म्हणाली, “तुझं नवं हाय. खराब व्हतंय.”