आईचा सागाचा पाट

आठवीच्या भूगोलात जगातली जंगलं रंगवायची होती. कारखान्याच्या रिसाली वसाहतीतल्या क्वार्टरात, स्वयंपाकघरातच मी नकाशा पसरला होता. रशिया आणि कॅनडा रंगवतानाच हिरवा खडू अर्धा संपला. ब्राझील, काँगोतही जंगल उदंड. पण पुस्तक म्हणे, तिथलं लाकूड बाजारात फारसं येतच नाही, लाकडाचा मोठा धंदा थंड मुलखांचा.

पोळी लाटता लाटता आई वाकली. "अन् आमचं जंगल कुठं हाय?"

तिचं माहेर चंद्रपूरकडचं, जंगलाला लागून. मी म्हटलं, "एवढ्याशा नकाशात ते कसं दिसंन?"

झालं! बाई फुगली. "सागासारखं लाकूड हाय का त्यांच्याकडं? वाळवी तोंड नाही लावत त्याले!"

रशियाचं लाकूड आमच्या घरात होतंच. बाबांच्या प्लांटमध्ये तिकडून मशिनी यायच्या, त्यांच्या खोक्यांच्या पांढुरक्या फळ्या बाबा लिलावात घ्यायचे. टेबल त्याचंच, आमचे पाटही त्याचेच. आईचा एकटीचा तेवढा सागाचा. लेक सासरी निघाली की गावच्या जंगलातल्या सागाचा पाट सोबत द्यायचा, ही तिच्या माहेरची रीत. जेवायला बसली की ती त्याच्या कडेवरून हात फिरवायची. बाबांना सुट्टी मिळायची नाही आणि माहेरी जाणं दरवर्षी पुढं ढकललं जायचं. त्या पाटावर ती कुणाला टेकू द्यायची नाही, मला भारी राग यायचा.

माझं लग्न ठरलं तसा तिनं मामाच्या मागं धोशा लावला, "पोरीले आपल्याच जंगलाचा पाट पाहिजे."

मामानं पाट आणला. आईनं तो नाकाशी धरला आणि मामाकडं बघितलं.

"नागपुरातून घेतला, बाई," तो खालमानेनं म्हणाला. "बर्माचा साग हाय. आपल्याकडं तसं झाड आता कुठं राहिलं?"

पाठवणीच्या दिवशी आईनं स्वतःचा पाट माझ्या सामानात ठेवला. मी नको नको म्हटलं, पण ऐकेल तर ती आई कसली!

दिवाळीला माहेरी आले. बर्माचा पाट जावयासाठी मांडला होता. आई खोक्याच्या फळीच्या पाटावर बसली. सवयीनं तिचा हात कडेवर गेला आणि तिथंच थांबला.

"रशियात जंगल लय मोठं हाय ना वं?" तिनं विचारलं.

"हो."

"मंग त्यांच्या पोरींले पाट कमी नसंन पडत."