एक जूनला जन्मलेली

शाळेत परिपाठ चालू होता, मुलं रांगेत उभी होती, तेव्हा तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "गुरुजी, धाकटी गेली. काल, दवाखान्यात." क्षय फुप्फुसात लई पसरला होता म्हणाली. मग जरा थांबून, "तुमाला सांगायलाच पायजे हुतं, म्हणून केला." त्याला आता सात आठवडे झाले. तिचं नाव मी लिहिणार नाही. अशा मुलींची ओळख छापायला कायद्याची बंदी आहे. नाव जपणाऱ्या त्याच कायद्यापुढे तिचं खरं वय कुणी शाबीत केलं नाही. करू शकणारा एक माणूस होता, तो मी. म्हणून तिला इथे धाकटीच म्हणतो.

केमजवळच्या एका वस्तीवर आमची शाळा होती. जून महिन्यात त्यांची आई दोघींना घेऊन आली. थोरली सहा वर्षांची, ही चारची. ऊसतोडीच्या हंगामात आईबाप श्रीपूरच्या कारखान्यावर जायचे. ही तिथल्याच पाचटाच्या कोपीत जन्मलेली, जन्माचा दाखला कुठला असणार? आई म्हणाली, "दोघींलाबी एकाच वर्गात घ्या की गुरुजी. आमी गेल्यावर म्हातारीला ही आवरत न्हाय. थोरलीपाशी बसंल गप." पटसंख्येला एक मूल कमी पडत होतं, आणि त्या एकासाठी दुसऱ्या शिक्षकाची जी जागा जाणार होती ती माझीच होती. तारीख ठाऊक नसली की एक जून लिहायची, ही आमच्याकडची जुनी रीत. माझा निम्मा वर्ग एक जूनचाच होता. मी दोघींपुढे एकच तारीख लिहिली, सहा वर्षांपूर्वीची. धाकटी दुपारी थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची आणि मी तिला उठवत नसे. हजेरीतला "हजर" एवढा एकच शब्द तिला आवडला होता. कुणाचंही नाव घेतलं की हीच ओरडायची. गैरहजर पोरांचीसुद्धा हजेरी देते म्हणून आम्ही हसायचो.

सातवीनंतर शाळा सुटली. पुढे ओळखीच्याच एका बाईनं सोलापुरात शिलाईचं काम देते म्हणून नेलं आणि एका लॉजवर विकलं. काही महिन्यांनी पोलिसांचा छापा पडला तेव्हा तिनं वय सांगितलं सोळा, आणि ते खरं होतं. गुन्हाही अल्पवयीन मुलीचा म्हणूनच नोंदवला गेला. मग आरोपींच्या वकिलानं शाळेचं रजिस्टर मागवलं. त्यात ती अठरा पूर्ण झालेली होती. शाळेची तारीख असली की कोर्ट आधी तीच बघतं. ती पोकळ ठरली, तरच डॉक्टरी तपासणीचा विषय निघतो.

साक्षीच्या दिवशी सरकारी वकीलबाईंनी मला बाजूला घेतलं. तारीख अंदाजे लिहिली असेल तर तेवढंच सांगा, बाकी मी बघते, म्हणाल्या. व्हरांड्याच्या टोकाला धाकटी महिला पोलिसाशेजारी बसली होती. मला बघून ती उठून उभी राहिली, वर्गात राहायची तशी, आणि त्या पोलीसबाईला म्हणाली, "माझे गुरुजी हायत. त्यास्नी ठाव हाय मी धाकटी हाय ते."

त्या वर्षी केंद्रप्रमुखपदाच्या बढतीची यादी लागायची होती. खोटी नोंद कबूल केली असती तर चौकशी लागली असती. मी पिंजऱ्यात उभा राहून सांगितलं की पालकांनी सांगितली तीच तारीख लिहिली. वकीलबाईंनी थोरलीच्या नावासमोरची ओळ दाखवली. "गुरुजी, या बहिणी जुळ्या आहेत का?" मी म्हणालो, "आठवत नाही." ...मांडीवरचं ते डोकं मला त्या क्षणी दिसत होतं.

त्या दोन शब्दांनी काय झालं, ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. मूल ठरली असती तर आरोपींना तिच्या नजरेआड ठेवलं असतं, त्यांच्या वकिलाला तिला थेट विचारता आलं नसतं, आणि तू राजीखुशीनं गेलीस का, हा प्रश्नच उरला नसता. सज्ञान ठरली म्हणून तेवढा एकच प्रश्न उरला. भरल्या कोर्टात तो तिला फिरवून फिरवून विचारला. ती गप्प झाली, आणि तिच्या गप्प बसण्याला संमती म्हटलं गेलं. तिला विकणारी बाई सुटली, लॉजवाला सुटला. धाकटी मात्र महिलांच्या सुधारगृहात वर्षभर होती, तिच्याच रक्षणासाठी. बाहेर आल्यावर तिनं शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम धरलं. मी केंद्रप्रमुख झालो. तिला भेटायला एकदाही गेलो नाही. हे छापून आल्यावर चौकशी लागेल, लागू दे. तिच्या आता काय उपयोगाची?

गेल्या रविवारी थोरलीकडे गेलो. सोलापुरात सात रस्ता चौकातून आत गल्लीत एक खोली, तिथेच धाकटीही राहायची. थोरलीनं बसा म्हटलं नाही. मृत्यूचा दाखला पुढे केला. "बघा, पंचवीस लिवलंय. तेवीसची हुती. आधार कार्डावर तुमी लिवलेलंच वय, मग हितंबी तेच." मी म्हणालो, मी लिहून देतो, कुठे द्यायचं सांग. ती म्हणाली, "तवा बोलायचं हुतं, गुरुजी." आवाज चढला नव्हता तिचा. चहा ठेवते म्हणून ती वळली आणि चूल न पेटवता तशीच पाठमोरी उभी राहिली.

देवाची तसबीर असते त्या जागी भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद टांगलेला होता. थोरलीच्या मुलीचा जन्मदाखला. मूल आठ दिवसांचं असताना कामावर खाडा करून धाकटी स्वतः महापालिकेत गेली होती, चौकटही तिनंच करून आणली, असं थोरली पाठमोरीच म्हणाली. मी चष्मा लावून जवळ गेलो. मुलीचं नाव, आईचं नाव, दवाखाना, नोव्हेंबरमधली एक तारीख. काचेवर धूळ नव्हती. ती गेल्यावरही कुणीतरी रोज पुसत होतं.