सावळारामाचा अंगठा

बोरी बुद्रुकच्या सावळारामाकडं पाच एकर बागायत होती, एक जुनी राजदूत होती, साळुबाईसारखी बायको होती. पण पंचक्रोशीत त्याचं नाव होतं ते उजव्या हाताच्या अंगठ्यामुळं. बैलगाड्यांच्या शर्यतीत सावळाराम घड्याळपंच होता.

आता ज्यांनी आमच्याकडचा घाट पाहिला नाही, त्यांना थोडं सांगायला हवं. घाट म्हणजे शर्यतीचा चढता रस्ता. गाड्यावर माणूस नसतो. पुढं घोडी धावते, मागं बैल धावतात, आणि त्यांच्यामागं निम्मं गाव धावतं. खाली एक जण निशाण धरून उभा असतो. बैलांनी खालची रेघ ओलांडली की निशाण पडतं. वर मचाणावर बसलेल्या घड्याळपंचानं निशाण पडताक्षणी हातातल्या घड्याळावर अंगठा दाबायचा आणि बैल वरच्या रेघेला आले की पुन्हा दाबायचा. ही झाली एक बारी. बारा सेकंदांच्या आत आला तो पहिला नंबर, बाराच्या पुढं गेला तो दुसरा. मधे शिंक आली तर बारीही गेली आणि पाहुण्यांशी संबंधही गेले.

सावळाराम बावीस वर्षं शिंकला नव्हता. फाल्गुन लागला की तो अंगठ्याला जपायचा. खुरपं धरायचा नाही, लसूण सोलायचा नाही, रोज सकाळी कोमट तेल लावायचा.

साळुबाई म्हणायची, "अवो, येवढं तेल माज्या गुडघ्याला लावलं असतं, तर मी बी बाराच्या आत आले असते."

"आगं, गुडघा घरचा हाये. अंगठा गावाचा हाये."

"मग गावालाच सांगा तेल आणाया."

असं बरं चाललं होतं. मग सत्त्याण्णव सालच्या चैत्रात कुकडी नदीपलीकडच्या एका गावाची यात्रा आली. गावाचं नाव लिहीत नाही, अर्ध्या बोरीच्या लेकी तिथं दिल्यात. त्या घाटात तिथल्याच भिमाजीचा गाडा असा काही सुटला, की पोरींनी पदर सावरले आणि म्हाताऱ्यांनी टोप्या. सावळारामानं अंगठा दाबला, घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, "बारा सेकंद दोन पॉइंट."

म्हणजे दुसरा नंबर. तोही दोन पॉइंटांनी. भिमाजी गुलाल घेऊन निम्मा नाचून झाला होता. तो तसाच मचाणाखाली आला.

"सावळाराम, खाली या. अंगठा दावा तुमचा."

"का रं बाबा?"

"न्हाई, बघतो, जित्ता हाय का. माजं बैल येऊन, पाणी पिऊन, रवंथ कराया बसलं, तवा तुमी दाबलं घड्याळ."

लोक हसले. तेच वाईट झालं. रागावले असते तर सावळारामानं निभावलं असतं. पण ज्या अंगठ्यासमोर बावीस वर्षं माणसं गप बसली, त्याला माणसं हसली. यात्रा कमिटीचा अध्यक्ष रखमाजी मोठा समजूतदार माणूस. समजूतदार म्हणजे, त्याचा पुतण्या पप्पू तिशीचा होता, गॉगल घालायचा आणि त्याला घड्याळपंच व्हायचं होतं. रखमाजी म्हणाला, "असं करू. पुढच्या चैत्रात पुण्यावनं भाड्यानं यंत्र आणू. पहिल्या पाच बाऱ्या यंत्र मोजंल, पप्पू मोजंल आन् तुमी बी मोजा. यंत्राशी ज्याचा मेळ बसंल, घड्याळ त्याचं. कसं?"

"बसंल की मेळ," सावळाराम म्हणाला. पण घरी येताना राजदूतचा हॉर्न दाबला, तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, की हॉर्न जरा उशिरा वाजला.

हॉर्न तसा वर्षभर बिघडलेलाच होता, ही गोष्ट वेगळी.

पावसाळा सरला. एके दिवशी साळुबाईच्या कुकरचं रबर आणायला सावळाराम आळेफाट्याला कांतीलालशेठच्या भांड्यांच्या दुकानात गेला. कांतीलाल मूळचा मारवाडातला जैन, पण तीन पिढ्या फाट्यावर काढलेल्या, त्यामुळं मराठी आपल्यासारखीच बोलायचा, फक्त शिव्या वगळून. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. पातेल्यांच्या उतरंडीमागं टीव्ही लावून शेठ पाटावर मांडी घालून बसलेला, हातात वायरवाला रिमोट, आणि अंगठे नुसते टकाटक, टकाटक!

सावळारामाची नजर टीव्हीवर नाही, त्या अंगठ्यांवर गेली.

"शेठ, हे काय?"

"व्हिडिओ गेम. मुलासाठी, अरिहंतसाठी आणला होता. तो शाळेत गेला की खराब होऊ नये म्हणून चालवून ठेवतो." कांतीलालनं नजर हलवली नाही.

टीव्हीत एक बुटका टोपीवाला डावीकडून उजवीकडं पळत होता. वाटेत खड्डे, वर विटा, समोरून गोगलगाईसारखे काहीतरी जीव येत होते. मागं फिरायची सोय नव्हती. जमीनच मागून पुसत यायची. टोपीवाल्यानं एक उडी घेतली, दुसरी घेतली, आणि शेवटी एका काठीपाशी पोचला. काठीला निशाण होतं.

"आयला!" सावळाराम पातेल्यावर टेकला. "ह्यो तर घाटच की, राव!"

कुकरचं रबर त्या दिवशी घरी गेलं नाही.

सावळारामाचा टोपीवाला पहिल्याच खड्ड्यात पडला. दुसऱ्यांदा पडला. सातव्यांदा पडला तेव्हा सावळारामानं रिमोट उलटा करून पाहिला.

"बटन खराब हाय ह्याचं."

"बटन चांगलं आहे, सावळारामभाऊ. तुम्ही काठावर आल्यावर दाबता. काठावर आला तो गेलाच. खड्डा यायच्या केसभर आधी दाबायचं."

"केसभर म्हंजे किती?"

"ते अंगठ्याला कळतं. डोक्याला विचारायला गेलात की पडलात."

हे वाक्य सावळारामाला असं लागलं, की तो आठवड्यातून तीनदा आळेफाट्याला जाऊ लागला. घरी सांगायला कारणं लागायची. म्हणून दिवाळीपर्यंत साळुबाईकडं सहा झारे, दोन पोळपाट आणि किसण्यांची एक जोडी जमली.

"अवो, एवढ्या झाऱ्यांनी मी काय गावजेवण घालू?"

"आगं, स्वस्त व्हतं."

"फाट्यावर कोण बसलीय ती सांगा आदी." साठीच्या नवऱ्यावर असा संशय आल्यानं साळुबाईला तसं बरंच वाटलं असावं, कारण तिनं ते चार जणींना सांगितलं.

कांतीलालच्या खेळात एक खोड होती. समोरून येणाऱ्या त्या गोगलगाईंवर उडी मारली की त्या चपट्या होतात आणि वाट मोकळी होते; खेळाची रीतच ती. कांतीलाल एकीलाही तुडवायचा नाही. प्रत्येकीवरून उडी. दोन शेजारी आल्या तर लांब उडी. तीन आल्या तर थांबून वाट बघायची, आणि खेळातलं घड्याळ संपून टोपीवाला मेला तरी चालेल.

"शेठ, तुडवा की! वाट अडवलीय त्यांनी."

"जीव आहे."

"आवो, काचंतला जीव!"

"काचेतला असू दे. अंगठा तर माझाच आहे ना?"

शेठच्या दुकानात शेठचा नियम. सावळारामानंही तुडवणं सोडलं. आणि गंमत अशी, की तुडवायचं तर थोडं मागंपुढं झालं तरी चालतं, पण न तुडवता पलीकडं जायचं तर तो केसभराचा हिशेब दर पावलाला लागतो. माघ सरेपर्यंत सावळारामाचा अंगठा असा तयार झाला, की टोपीवाला निशाणापर्यंत सुखरूप जाई आणि मागं सगळ्या गोगलगाई जिवंत. कॅसेटवर नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याचं लिहिलं होतं. बाकीचे कसे आहेत म्हणून एकदा दोघांनी बघितले. आठव्या नंबरपासून पुन्हा तोच टोपीवाला. दोघांनाही बरं वाटलं. नवीन शिकायचा त्रास वाचला.

चैत्र आला. घाटात ही गर्दी! दोन्ही रेघांवर यंत्राची दोन-दोन डबडी उभी केलेली, मधून बैल गेला की आकडा आपोआप. पुढची घोडी गेली तर काय, हे ते आणणाऱ्यालाच ठाऊक. पण त्यानं टाय लावला होता, म्हणून कुणी विचारलं नाही. मचाणावर एका टोकाला गॉगलवाला पप्पू, दुसऱ्या टोकाला सावळाराम. खालून भिमाजी ओरडला, "पावणं, तेल लावलं का?"

पहिली बारी. सावळारामानं निशाणावर नजर रोवली. बैल सुटले, रेघेकडं आले, निशाणवाल्याचा खांदा हलला, आणि सावळारामाच्या अंगठ्यानं घड्याळ दाबून टाकलं.

निशाण त्यानंतर पडलं.

केसभर नंतर. पण नंतर.

खड्डा यायच्या आधी उडी! सहा महिने हेच तर शिकवलं होतं अंगठ्याला. आता दोन वाटा. हात वर करून "चुकलं" म्हणायचं, म्हणजे घड्याळ पप्पूकडं जाणार आणि भिमाजी जन्मभर हसणार. नाहीतर गप बसायचं, म्हणजे खोटा आकडा सांगायचा, जो त्यानं बावीस वर्षांत कधी सांगितला नव्हता. एवढा विचार करायला माणसाला रात्र लागते. त्याच्याकडं बारा सेकंद होते, आणि बैल निम्म्यावर आले होते. "चु—" एवढं त्याच्या तोंडून निघालं. पण बैल रेघेपाशी पोचले, आणि अजून वीतभर अंतर राहिलं असताना अंगठा परत आपला आपणच दाबला गेला.

"यंत्र?" रखमाजीनं विचारलं.

"बारा सेकंद त्रेसष्ट," टायवाला म्हणाला.

"पप्पू?"

"बारा ब्याण्णव." पप्पूनं गॉगल काढून पुसला.

"सावळाराम?"

सावळारामानं घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. शेजारी बसलेल्याच्या पुढ्यात धरलं. तो किंचाळला, "बारा त्रेसष्ट!"

पाचही बाऱ्या तशाच. पप्पू एकदा पुढं, एकदा मागं. यंत्र आणि सावळाराम हातात हात घालून. भिमाजीनंच त्याला खांद्यावर घेतलं आणि गुलालानं असा माखला, की घरी साळुबाईनं आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर पहिलं वाक्य बोलली, "अंगठा बाहीर ठेवा, बाकीचं विहिरीवर धुवून या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सावळाराम आळेफाट्याला गेला आणि कांतीलालला सगळं खरं सांगितलं.

"दोन्ही वेळा लवकर?" कांतीलालनं विचारलं.

"दोनी येळंला."

"आणि सारखंच लवकर?"

"सारखंच असंल, त्याबिगर मेळ बसंल का?"

"मग चूक कुठं गेली?"

"तेच तर, शेठ! गेली कुठं?" सावळारामानं डोक्यावरची टोपी मांडीवर घेतली. "रातभर एकच इचार करतोय. आता लवकर दाबून बरोबर येतो, तर बावीस वर्सं मी दोनी टोकांना सारखाच उशीर करून बरोबर येत व्हतो का काय? आन् त्या दिशी भिमाजीच्या बारीला वरच्या टोकाला उशीर जरा जास्ती झाला असंल तर? आकरा अठ्ठ्याण्णव असंल का ती?"

"ते आता बैलांनाच विचारा," कांतीलाल म्हणाला, आणि त्यानं रिमोट पुढं केला.

सावळारामानं बैलांना विचारलं नाही, पण त्या वर्षी भिमाजीच्या घरी एक झारा आणि एक किसणी पोच केली. का, ते भिमाजीला अजून समजलेलं नाही.

एवढ्यावर गोष्ट संपती तर बरं होतं. पुढच्या माघात रखमाजी शाल आणि नारळ घेऊन बोरीला आला.

"सावळाराम, तुमचे लई उपकार. कमिटीला यंत्राचा भरवसाच न्हवता. म्हनलं, पुण्याचं हाय, काय बी सांगंल. पन पाची बाऱ्यांना तुमच्याशी मेळ बसला. तुमच्याइतकं बरोबर म्हंजे प्रश्नच मिटला. आता दर साल यंत्रच आणायचं ठरलंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पप्पूला बी न्हाई दिलं. उगं भाऊबंदकी नको. तुमचं घड्याळ तुमालाच राहू द्या, आठवण म्हणून."

असा सावळाराम परीक्षेत पास झाला आणि नोकरी यंत्राला लागली. शाल साळुबाईनं गुडघ्याला गुंडाळली. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी साळुबाईनंच पिशवी हातात दिली. "जावा. झारा आणा एखादा."

पुढं दिवस बदलले. अरिहंत पुण्याला शिकायला गेला, दोन हजार चार साली सुट्टीला आला तो कॉम्प्युटर घेऊन. त्यातल्या खेळात माणूस चहूकडं फिरायचा, गाडी चालवायचा, मागंसुद्धा वळायचा. सावळारामानं पाच मिनिटं बघून विचारलं, "ह्यात जायचं कुठं?"

"कुठंही जा, काका. मोकळं आहे सगळं."

"मोकळं तर आमच्या माळाला बी हाय," सावळाराम म्हणाला आणि उठून पातेल्यांमागच्या जुन्या टीव्हीपाशी गेला. तिथं एकच वाट होती, मागं फिरणं नव्हतं, पहिला खड्डा रोज त्याच जागी होता, आणि तरी रोज पाय घसरायची धास्ती होती. रिमोटची बटनं दोनदा बदलली, टीव्ही एकदा. टोपीवाला मात्र एका दिवसानंही म्हातारा झाला नव्हता.

आजही कुणी दुपारचं त्या दुकानात भांडं घ्यायला गेलं तर थांबावं लागतं. कांतीलालशेठ पाटावर, हातात रिमोट. शेजारी पालथ्या घमेल्यावर सावळाराम, हातात तेच घड्याळ. मधल्या पडद्याआडून शेठाणी सुमतीबाई विचारतात, "अहो, गिऱ्हाईक आलंय, ऐकू येतंय का?" आणि सावळाराम मान न वळवता म्हणतो, "वैनी, बारी सुटलीय. मधी बोलू नका."

टोपीवाला सुटतो. खड्डे, विटा, गोगलगाई. एकीच्याही अंगावर पाय न देता निशाणाला जातो. सावळारामाचा अंगठा पडतो, केसभर आधी.

"किती?" कांतीलाल विचारतो.

सावळाराम घड्याळ डोळ्यांजवळ नेतो, लांब नेतो, आणि घाटातल्यासारखा आवाज लावून सांगतो. मग आलेलं गिऱ्हाईक, ज्याला फक्त एक तवा हवा असतो, तेही विचारतं, की काल किती लागले होते.