राजाच्या माणसाच्या तोंडावर दार

हेझल पिनॉकने उभ्या जन्मात कुणाच्या तोंडावर दार आपटलं नव्हतं. वीस वर्षं तिने केनिंग्टनच्या चहाच्या दुकानात गिऱ्हाइकांना दार उघडून दिलं. आता पन्नाशीला टेकल्यावर पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात दारवान झाली, तर पहिलंच मोठं काम काय? अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी 'भाषण ऐकायला या' असा राजाचा निरोप घेऊन त्याचा काळी छडीवाला माणूस आला, की त्याच्या नाकासमोर दार धाडकन लावायचं!

तालमीत बाई चुकल्याच. छडीवाला जवळ आला आणि सवयीने तोंडातून निघालं, "या ना, सांभाळून हं, गर्दी आहे." बाकीचे दारवान पोट धरधरून हसले. मुख्य दारवान तेवढा हसला नाही.

"उद्या असं झालं, तर परवापासून पुन्हा चहा ओतायला जा," तो म्हणाला.

घरी तर वेगळंच रामायण. तिची चौऱ्याऐंशी वर्षांची आई विनिफ्रेड राजाचं चित्र असलेल्या कपाशिवाय चहा पीत नसे.

"राजाच्या माणसाला दार लावणार? मग माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही!"

"अगं आई, पूर्वी एक राजा शिपाई घेऊन आत घुसला होता. तेव्हापासून दार लावतात. राजालाही ते ठाऊक असतं."

"पण भाषण तरी त्याचंच ना?"

"तेही सरकार लिहून देतं. तो नुसता वाचतो."

"एकसुद्धा शब्द त्याचा नाही?"

"एकसुद्धा नाही."

"अगबाई! म्हणजे अगदी तुझ्या बापासारखंच की," म्हातारी म्हणाली. पण दाराचा हेका काही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी छडीवाला डौलात आला. हेझलने डोळे मिटले, आईची मनोमन माफी मागितली आणि दार असं आपटलं, की तिचं तिलाच हसू फुटलं. बाहेरून छडीचे तीन ठोके पडले, मग रीतसर दार उघडलं. काय मजा आली म्हणून सांगू! संध्याकाळी घरी जाताना नदीवरचा पूल ओलांडताना ती जवळजवळ नाचतच होती.

घरी बेल वाजवली. आईने दार उघडलं, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि तिच्या तोंडावर धाडकन लावून घेतलं.

हेझलला रडूच येणार होतं. मग काय सुचलं कोण जाणे, तिने छत्रीच्या मुठीने तीन ठोके दिले.

"कोण आहे?" आतून करडा आवाज आला.

"राजाचा निरोप आहे."

"काय म्हणतो?"

"चहा टाक म्हणतो."

दार उघडलं. आई ठेवणीतली टोपी घालून उभी होती.

"जरा हळूच लावलंस गं," ती म्हणाली. "टीव्हीवर नीट ऐकू नाही आलं."