टाक्यांच्या डावीकडे, चार बोटं खाली

अंगात येणं, अंगारे, बाधा... असलं काही ऐकलं की मला भीती वाटत नाही, कीव येते. आजही येते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे वाचून झाल्यावर "बघा, पटलं ना?" असं म्हणायला कुणी येऊ नये.

शेलूबाजारला रोडवर आमचं भांड्यांचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. नवरा गेल्यापासून दुकान मीच बघते. मुलगी सोनल, बत्तीस वर्षांची, वाशीमला कॉलेजात शिकवायची. मणक्याची गादी सरकली, अकोल्याला ऑपरेशन झालं, पाठीत रॉड आणि स्क्रू बसले. आठ महिने झाले तरी ती रांगत बाथरूमला जायची.

नणंदबाईंनी उतरवून टाकायला लिंबू पाठवलं. शेजारच्या दुकानदाराने ताईत आणला. एक शहाणा तर म्हणाला, "पोरीचं लगन करून टाका, दुखनं पयते." मणक्याला लग्नाचं औषध! अशांना मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आणि अकोल्याचे डॉक्टर? त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "काकू, फिल्म एकदम क्लीन आहे. दुखणं मनाचं आहे, तिला जरा खंबीर व्हायला सांगा." लिंबूवाल्यांना हसणारी मी, हे मात्र मान डोलावून ऐकून आले. घरी येऊन सोनलला म्हटलं, "रोजचं रडगानं बंद कर आता. डाक्टरपेक्षा तुले जास्त समजते काय?"

त्यानंतर ती माझ्यासमोर कण्हली नाही. उशीचा कोपरा दातात धरायची.

आठवड्याने, भर दुपारी... मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक बाई लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली. तीन वाजता आली ती साडेचारला गेली. एकेक हंडा वाजवून बघत होती. तेवढा वेळ मी गल्ल्यावरून उठले नाही. मागच्या दाराला बाहेरून कुलूप, किल्ली माझ्या कमरेला, आणि घरात जायची दुसरी वाट माझ्या पाठीमागून.

ती गेल्यावर आत गेले तर सोनल पालथी, गाढ झोपलेली. कित्येक महिन्यांत तिला पालथं होता आलं नव्हतं. चाहुलीने जागी झाली.

"आई, आज तू बरोबर जागी दाबलं. लय बरं वाटलं."

"मी कवा दाबलं वं?"

"आत्ता! अंगठा ठेवून बसली होती ना किती वेळ. म्हनत होती, इथं तुटलं हाये."

गोळ्यांची गुंगी, दुसरं काय! चिडूनच तिचा गाऊन वर केला. टाक्यांच्या डावीकडे, चार बोटं खाली, अंगठ्याचा लालभडक ठसा होता. तिचा स्वतःचा हात तिथे पोचतच नव्हता. मी माझा अंगठा त्यावर ठेवला... तंतोतंत बसला.

ठसा विरायच्या आत मी बॉलपेनने त्याभोवती गोल काढला. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये मागे गादी टाकून अकोल्याला नेलं. गोल बघून डॉक्टर हसले.

"काकू, हे काय? कुणा बाबाने काढून दिलं?"

"हसा. पन सीटी स्कॅन काढल्याबिगर मी इथून हालत नाही."

स्कॅनमध्ये त्याच जागी स्क्रू आत मोडलेला दिसला. डॉक्टर हसायचे थांबले, पण माफीचा शब्द नाही. "कधी कधी फिल्ममध्ये येत नाही," एवढंच. दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा ऑपरेशन करून घेतलं. आता सोनल काठी घेऊन चालते. दुखतं अजून, पण ती तसं मोठ्याने सांगते, आणि मी ऐकते.

नणंदबाई म्हणतात, लिंबाचा गुण. शेजारी म्हणतो, ताईताचा. लिंबू तर मी आलं त्याच दिवशी भाजीवर पिळलं होतं! भाचा इंटरनेटवर वाचून सांगतो, गोळ्यांनी भास होतात. मग भासाला ठसे उमटतात काय? एकालाही उत्तर देता येत नाही, पण तोंड मात्र सगळ्यांना आहे.

मी फक्त एकदा सोनलला विचारलं, "आवाज कोनाचा होता?"

"तुयाच होता, आई." मग म्हणाली, "पन तू इतकं मायेनं बोलत नाही न कधी... म्हनून मी डोये उघडले नाहीत."