आपांनी उघडलेली सिझियमची डबी

डॉ. रझिया काझी यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला ‘प्रसन्न आठवणी’ लिहायला सांगितल्या आहेत. प्रयत्न करतो. पण ज्यांनी आपांच्या हाताखाली काम केलं त्यांना ठाऊक आहे की आमच्या प्रयोगशाळेत प्रसन्नतेचा साठा कायम बेताचाच असायचा. तेव्हा जे आठवतं ते लिहितो. संपादकांना नको असेल तर त्यांनी खुशाल कात्री लावावी.

जालना रोडवर, करमाडच्या अलीकडं, एका विश्वस्त संस्थेची छोटी संशोधनशाळा होती. तिथं मी फुलंब्रीहून एस.टी.नं मुलाखतीला गेलो. एम.एस्सी.ला पहिला आलो होतो आणि तो पहिला नंबर माझ्या चालण्यातही दिसत असावा. टेबलापलीकडं सुती साडीतल्या, जाड चष्म्याच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी माझी प्रमाणपत्रं न बघताच बाजूला सारली आणि म्हणाल्या, “हात दाखवा.” बोटात आईनं दिलेली पुष्कराजाची अंगठी होती. “ही घरी ठेवून यायची. ग्रह सांभाळून घेतील, व्होल्टेज घेणार नाही.” एवढीच मुलाखत. दुसऱ्या दिवशी मी अंगठी काढून गेलो आणि उमेदीची सगळी वर्षं तिथंच घालवली.

आपा, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काझी मॅडम, मूळच्या वैजापूरच्या. वडिलांचा मोंढ्यात कापसाचा व्यापार. त्या घरातून निघून त्यांनी आयुष्य घालवलं ते ऋण आयनांच्या मागं. ज्यांना हे क्षेत्र परकं आहे त्यांच्यासाठी आपांच्याच शब्दांत सांगतो. अणूला एक जास्तीचा इलेक्ट्रॉन चिकटवायचा. तो घरचा नाही, पाहुणा. जरा धक्का लागला की उठून जातो. पण तो टिकला तर अणूवर ऋण भार येतो, आणि प्रवेगक, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या, यंत्राच्या मधोमध असलेलं प्रचंड धन व्होल्टेज त्याला जोरात आत ओढून घेतं. मध्यावर कार्बनच्या पातळ पडद्यातून जाताना त्याचे इलेक्ट्रॉन झडतात, तो धन होतो, आणि मग तेच व्होल्टेज त्याला तितक्याच जोरानं बाहेर ढकलतं. एका व्होल्टेजकडून दोनदा काम करून घ्यायचं. असे आयन तयार करणारं उपकरण म्हणजे ‘सोर्स’. आपांनी तो इथं, या गावात बनवला आणि परराज्यातल्या प्रवेगक केंद्रांना त्याचे भाऊबंद बनवून पाठवले.

सोर्सचा जीव असतो सिझियम नावाच्या धातूत. दिसायला सोन्यासारखा, स्वभावानं भयंकर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बंद काचेतच वितळून पाणी होतो, आणि हवा किंवा ओल लागली की पेटतो. एका डबीत तो तापवून त्याची वाफ सोडायची, मग आयनांची धार वाढते. मात्र उष्णता वाढवली की धार लगेच वाढत नाही. आमच्या धंद्यातली ठरलेली चूक इथंच होते: माणूस धीर सोडून आणखी तापवतो, मग आणखी, आणि शेवटी सिझियमचा पूर येऊन आतल्या आत ठिणग्या उडतात. एकदा एका केंद्राचे बडे शास्त्रज्ञ आले असताना धार पडली. ते बटणाकडं सरसावले. आपा तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, दाल अजून कच्ची है. झाकण नका उघडू.” साहेब चिडले, पण बसले. डाळ निवडून झाली तेव्हा धार पूर्ववत झाली होती.

आता अप्रसन्न भागाकडं येतो.

सोर्स उंच व्होल्टेजवर, तारेच्या पिंजऱ्यात उभा असायचा. आपांचे सहकारी विनायकराव हे अत्यंत शिस्तीचे गृहस्थ. एका दुपारी वीजपुरवठा बंद केला होता, मीटरचा काटा शून्यावर आला होता, म्हणून ते नळी घट्ट करायला आत गेले. काटा पुरवठ्याचं सांगतो. यंत्राच्या पोटात साठून राहिलेल्या भाराचं सांगत नाही. ते हे जाणत होते, आम्हीही जाणत होतो. विनायकराव जागीच गेले.

संस्थेनं ठरवलं की घरी हृदयविकार म्हणून सांगायचं. आपा मात्र थेट त्यांच्या पत्नीकडं, सुमनताईंकडं गेल्या. मी बरोबर होतो. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “ताई, दिल का दौरा नव्हता. विजेनं गेले. मी पिंजऱ्याच्या फाटकाशी उभी होते. काटा शून्यावर बघून मीच म्हणाले, जा.” सुमनताईंनी दार लावून घेतलं. आपा बराच वेळ त्या बंद दारासमोर उभ्या राहिल्या, मग आम्ही परतलो. संस्थेनं त्यांचं प्रमुखपद काढून घेतलं. त्या दुसऱ्या दिवशी कामावर आल्या आणि निवृत्त होईपर्यंत आपल्याहून लहान माणसाच्या हाताखाली राबल्या.

तेव्हापासून आमच्याकडं काठीचा रिवाज सुरू झाला. जमिनीला जोडलेली तार असलेली लांब काठी यंत्राला टेकवायची, म्हणजे उरलासुरला भार उतरतो. जगभर हे करतात. आमच्याकडं आत जाणाऱ्या प्रत्येकानं आपली काठी स्वतःच्या हातानं टेकवायची, मग आधी चौघांनी टेकवलेल्या असोत. “दुसऱ्याची काठी म्हणजे ऐकीव गोष्ट,” आपा म्हणायच्या. यंत्राला काठ्या टेकलेल्या पाहून पाहुणे हसायचे. हसोत बापडे.

कुणाला वाटेल बाई दगडाच्या होत्या. माझे वडील दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा रमजान चालू होता. आपा रोज दुपारी डबा घेऊन यायच्या, स्वतःला रोजा असताना माझ्या आईला समोर बसवून भाकरी खायला लावायच्या. आई नको म्हणाली तर रागवायच्या: “तुम्ही नाय खाल्लं तर त्यांच्याकडं कोण बघणार?” वडील गेले त्या दिवशीही डबा आलाच होता.

गेल्या उन्हाळ्यात संस्थेनं ती जागा विकली. तिथं गोदाम व्हायचं होतं. आमचे जुने मेकॅनिक शेषराव करमाडलाच राहतात. त्यांचा सकाळीच फोन आला: “सर, भंगारवाले आलेत. गॅस कटर घेऊन. आपल्या सोर्सलाच पहिला हात घालू लागलेत.” मी आपांना कळवलं. कळवायला नको होतं, असं अजून कधी कधी वाटतं. त्यांची फुप्फुसं केव्हाच निकामी व्हायला लागली होती. नाकात ऑक्सिजनची नळी, घराबाहेर पडायची मनाई. त्या एवढंच म्हणाल्या, “डबीत सिझियम आहे. मीच भरलंय. गाडी आण.”

भंगाराचं काम मुश्ताकभाईंकडं होतं. पन्नाशीचा, थकलेला माणूस. “आपा, मालक तर बोलला खाली है. नुसतं लोखंड.” आपांनी त्यांना समजावलं की वर्षानुवर्षं पडून डबीतल्या सिझियमवर साल धरली आहे, वरून मेलेलं दिसतं, पण कटर लागला की आतलं जिवंत सिझियम तोंडावर येईल. मुश्ताकभाईंनी माणसं मागं घेतली. पण त्यांचा मालक फोनवर थांबायला तयार नव्हता. संस्थेच्या कचेरीनं सांगितलं, व्यवहार झाला, आमचा संबंध संपला. प्रवेगक केंद्राचा तज्ज्ञ यायला काही आठवडे लागणार होते. मला त्या सगळ्यांचा संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही.

आपांनी खोलीच्या दारात नाकातली नळी काढली. सिझियमजवळ ऑक्सिजन न्यायचा नाही, हे शास्त्र त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. मी आडवा उभा राहिलो. “आपा, तुम्ही बाहेरून सांगा, मी करतो.”

“साल धरलेलं सिझियम तू कधी उघडलंस?”

“नाही.”

“मग? तिथं चुकलं तर सांगायला वेळ नसतो रे, मुकुंदा. बाजूला हो.”

त्यांनी काठी टेकवली. वीज केव्हाच तोडलेली होती, तरी टेकवली. मग मी आणि शेषरावांनीही टेकवल्या. आम्ही हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू सोडला, कोरडी वाळू जवळ ठेवली. खुर्चीत बसून, डबीभोवतीच्या आर्गॉन भरलेल्या पिशवीत हातमोजे घालून त्यांनी डबीचं झाकण सैल केलं आणि सिझियम हळूहळू मारणाऱ्या अल्कोहोलचा एक एक थेंब सोडू लागल्या. प्रत्येक थेंबाला आत चरचर व्हायची. ती विझेपर्यंत थांबायचं, मग पुढचा थेंब. त्यांना श्वास पुरत नव्हता, खांदे वरखाली होत होते, पण थेंबांची घाई त्यांनी एकदाही केली नाही. ओठ निळे पडले तेव्हा शेषराव रडायला लागले. “आपा, बस्स करा हो.” त्यांनी मान हलवली. शेवटचा थेंब पडला आणि आवाज आला नाही. आणखी एक टाकून त्यांनी खात्री केली आणि त्या खुर्चीतच कलंडल्या.

आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. त्यांनी हयातभर जोपासलेला सोर्स त्याच दुपारी तुकडे होऊन ट्रकमध्ये गेला. संग्रहालयात ठेवावा असं आता पुष्कळांना वाटतं. तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, “मुश्ताकची माणसं?”

“घरी गेली आपा. सगळी.”

“धडधाकट?”

“धडधाकट.”

त्यावर त्यांनी डोळे मिटले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. विनायकराव गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या.

आपा सत्काराला येणार नाहीत. पलंगापासून खिडकीपर्यंत जाणं आता त्यांना प्रवासासारखं होतं. गौरवलेखाच्या शेवटी निरामय दीर्घायुष्य चिंतायची रीत आहे. ‘निरामय’ मी लिहिलं आणि खोडलं. त्यांची फुप्फुसं सुधारणार नाहीत, हे डॉक्टरांनी त्यांना आणि त्यांनी मला स्वच्छ सांगितलं आहे, आणि आपांच्या बाबतीत खोटं लिहायची माझी छाती नाही. ‘दीर्घ’ मात्र मी ठेवतो. तेवढा हक्क मला आहे. आपा, त्या नळीसकट, खोकल्यासकट, आमच्यावर खेकसत का होईना, पण राहा. आम्हाला तुम्ही हव्या आहात.