डावा गाल राहिला

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिचं तोंड काढणं. ती उंबऱ्याशी बसून कडक भाकरीचा तुकडा चावत होती आणि मी समोर पाटावर बसून वहीत तिला काढत होतो. दिवस मावळायला आला होता.

"चावायचं थांब जरा," मी म्हणालो. "जबडा हलतोय."

"एवडी वर्सं हलतोय की. आज दिसला व्हय तुमाला?"

उजवी बाजू झाली. निम्मं कपाळ, एक भुवई, एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ आणि तो भाकरी चावून चावून घट्ट झालेला जबडा. मी वही तिच्या हातात दिली. तिनं आधी लांब धरून बघितली, मग जवळ. रोज काहीतरी खोट काढायची. त्या दिवशी म्हणाली, "हां. ही मी हाय."

मला लई बरं वाटलं. तसं दाखवलं नाही.

तेवढ्यात लाईट गेली. "ऱ्हायलेली डावी बाजू उद्या," ती गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाली. "पायाला मुंग्या आल्या. आनि पलटू नका हां परत. मी बसते की उद्या."

पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेली.

पलटू नका असं ती का म्हणाली ते सांगायला पाहिजे. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात माझा जन्म गेला. चौकटीच्या कागदावर चादरीची नक्षी भरायची, हे माझं काम. मोर असला तर निम्मा मोर काढायचा, फूल असलं तर निम्मं फूल. उरलेलं निम्मं कुणी काढत नाही, यंत्र तेच पलटून विणतं. माझी नक्षी कधी वाकडी गेली नाही.

मग डोळे अधू झाले आणि मी घरी बसलो. बसलो म्हणजे तिच्या मागं लागलो. भाजीत मीठ किती, दूध उतू गेलंय का, दाराशी कोण आलं. एक दिवस ती बाजारातून चित्रकलेची वही घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"दिवसभर माझं डोकं खाताय. त्यापरीस रोज एक डोकं काढा हिच्यात."

"कुणाचं?"

"दुसरं कोन बसनार हाय तुमच्यापुडं?"

तसं चालू झालं. चारचा चहा झाला की ती बसायची, मी काढायचो. बसायची म्हणजे हातात काम असायचंच, शेंगा फोडायच्या नाहीतर लसूण सोलायचा. पहिली डोकी बघण्यासारखी नव्हती. डोळे पार वर, केसांना लागून. तिनं बघितलं आणि म्हणाली, "कपाळ कुटं गेलं? इभूती काय नाकाला लावू?"

आम्ही शंकराची माणसं. आंघोळ झाली की ती कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढायची. मी पेन्सिल उभी धरून तिचं डोकं मापलं. डोळे खरंच निम्म्यावर येतात. वर जेवढं, तेवढंच खाली. एवढी वर्षं समोर असलेलं डोकं, पण मापल्याशिवाय कळलं नाही.

"लुगड्यागत काय मापताय मला," ती म्हणाली, पण हलली नाही.

रोज काढत गेलो तसा हात वळला. कान कुठून कुठवर येतो ते कळलं, मान डोक्याला खांबागत नसते, थोडी पुढं झुकलेली असते ते कळलं. पण एक गोष्ट मी कारखान्यातलीच करत होतो. निम्मं तोंड काढायचं, कागद मधोमध दुमडायचा आणि पाठीमागून वाटीच्या बुडानं घासायचं. दुसऱ्या बाजूला फिकट छाप उमटतो, तो गिरवला की तोंड पुरं. दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गाल सारखे. मला वाटायचं, काय झकास काम झालंय.

तिला ते कधी आवडलं नाही. "ह्यो कोन? देवळातला मुखवटा का?" असं म्हणायची. एकदा चिडलीच. तिचं माहेर दुधनीचं, चिडली की कन्नड यायचं. "साकु!" म्हणाली. पुरे म्हणजे. "हे तोंड न्हाय, चादर हाय. अंगावर घेऊन झोपा."

"मग काय चुकलं ते सांग की."

तिनं माझे दोन्ही हात धरले आणि आपल्या दोन्ही गालांवर ठेवले.

"अगं, दार उघडं हाय."

"म्हाताऱ्याला कोन बगतंय? हात लावून बगा. हिकडं दाडा हायत. हिकडं हायत का?"

डावीकडच्या दाढा तिनं कधीच काढून टाकल्या होत्या. मीच दवाखान्यात घेऊन गेलो होतो. तेव्हापासून ती उजव्या बाजूनंच चावायची. उजवा गाल भरीव, डावा आत गेलेला. डावी भुवई जराशी वर, मला काही सुनवायच्या आधी ती अजून वर जायची. डाव्या कानाची पाळी जड कुडीनं खालपर्यंत चिरलेली. हे सगळं माझ्या हाताखाली होतं आणि माझ्या वहीत त्यातलं काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून कागद दुमडणं बंद केलं. आधी उजवी बाजू बघून काढायची, मग डावी बघून काढायची. उजवी सुधारत गेली. डावी मात्र जमेना. आत गेलेला गाल काढायला गेलो की ती आजारी दिसायची. भुवई वर घेतली की रागीट दिसायची. ती रागीट नव्हती, तिला नुसतं बोलायचं असायचं. "येईल हो," ती म्हणायची. "मी कुटं चाल्लीय?"

आता ती नाही, पण चारच्या चहानंतर मी वही घेतो. रोज एक डोकं. कधी हॉटेलात बसून सायकलीवरून पाळीला निघालेली कामगार मंडळी काढतो, कधी एसटी स्टँडवर जातो. म्हाताऱ्या बायांचे गाल बघतो, दात गेलेल्या. एक बाई माझ्यावर खेकसली, "काय टक लावून बगतोस रं, मुडद्या? घरी बायकू न्हाय का?"

"न्हाय," मी म्हणालो.

तिनं पदर नीट केला. मग म्हणाली, "काढ मग. लवकर काढ, माजी गाडी हाय."

तिचा आत गेलेला गाल मला बरोबर जमला. तिला दाखवला तर हसली. मी घरी येताना रस्ताभर विचार करत होतो, हा हात सहा महिने आधी का वळला नाही.

घरात तिचा फोटो लावलाय, हार घातलेला. फोटोवाल्यानं दोन्ही गाल सारखे करून दिले, वर रंगही उजळ केला. त्याचा काय दोष, तो सगळ्यांचं असंच करतो. मुलीच्या फोनमध्ये पुष्कळ फोटो आहेत. सगळ्यांत ती तोंड मिटून, श्वास धरून उभी आहे. फोटो म्हटलं की ती तशीच व्हायची. माझ्यापुढं नाही व्हायची. म्हणून मला तिची डावी बाजू पाहिजे, भाकरी चावताना असायची तशी.

त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. बसवूनच नेतात आणि बसवूनच माती देतात. बायकांनी तिला आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं, मांडी घालून भिंतीला टेकवून बसवलं. हनुवटीखालून पट्टी बांधली. मठातल्या स्वामींनी कपाळाला विभूती लावली, हातात तिचं रोजच्या पूजेचं लिंग ठेवलं. तोंड दाराकडं होतं. बाहेरचा उजेड सरळ तिच्यावर येत होता.

मी आत जाऊन वही आणि पेन्सिल घेऊन आलो आणि पाट ओढून तिच्यापुढं बसलो.

"दाजी, ही काय येळ हाय का?" तिचा भाऊ म्हणाला. "मानसं काय म्हनतील?"

मुलगी दुधनीहून नुकतीच पोचली होती, रडून तिचा आवाज बसला होता. "मामा, काढू द्या त्यांना," ती म्हणाली. "आईच बसवायची रोज."

मी कालचं पान उघडलं. उजवी बाजू होती, पलीकडं कोरा कागद. डोळे पुसले आणि बघायला लागलो.

गाल दोन्ही सारखे झाले होते. उजवा सैल पडून डाव्यासारखा झाला होता. भुवई खाली आलेली, दुसरीच्या बरोबर. मी कागद दुमडून काढायचो तसं तोंड. तिच्यासारखं काहीच हलत नव्हतं. मी लई वेळ बघितलं. बायका मागं कुजबुजत होत्या, फुलं आली, बाहेर कुणीतरी तिला बसवून न्यायच्या विमानाला केळीचे खांब बांधत होतं.

कुड्या उतरवून घेतल्या होत्या. डावा कान उघडा होता. पाळी खालपर्यंत चिरलेली, तशीच. तेवढी तिची होती.

मी तो कान काढला. भुवईच्या रेषेपासून नाकाच्या टोकापर्यंत, मापून, मग ती चीर. गालाच्या जागी काही काढलं नाही. दुमडलंही नाही. वही मिटली, मुलीकडं दिली आणि तिच्या आईला उचलायला उठलो.